बेळगावात घर घेताना एजंट कसा निवडावा

ताई, तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी धरून लिहितो. मिस्टर पुण्यात असतात, घरात कन्नड कोणाला वाचता येत नाही, आणि वडगावच्या बाजूचं घर दाखवणारा एजंट कागद द्यायच्या आधीच टोकन मागतोय. टोकन देऊ नका. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, संध्याकाळपर्यंत सांगा की ओ" हे बेळगावात घर बघणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. ते गिऱ्हाईक खरंच असेल तर त्याला घेऊ दे.

एजंट नकोच म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. शहापूर, अनगोळ, टिळकवाडीतली जुनी घरं पाटी लावून विकली जात नाहीत. कुठल्या गल्लीत भावाभावांची वाटणी झाली, कोणाचा मुलगा परदेशात स्थायिक झाला, हे एजंटालाच आधी कळतं. घर शोधणं आणि मालकाशी बसून भाव खाली आणणं हे त्याचं काम, त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत.

घोळ पुढे होतो. उतारा कन्नडमध्ये, ईसी (मिळकतीवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) कन्नडमध्ये, खरेदीपत्र कन्नडमध्ये. मग आपण त्यालाच म्हणतो, "तुम्हीच बघा हो काय लिहिलंय." खरेदी झाली तरच ज्याला कमिशन मिळणार, त्यालाच आपण विचारतो की खरेदी करू का! म्हणून घर दाखवणारा वेगळा आणि कागद वाचणारा वेगळा, हे आधी ठरवा. वकील तुम्ही शोधलेला असावा, एजंटाने आणलेला नको, आणि त्याला मराठी-कन्नड दोन्ही नीट वाचता यावं. शहरातल्या जुन्या मिळकतींचे १९५६ च्या आधीचे, म्हणजे मुंबई राज्यातले कागद मराठीत सापडतात, एखादा मोडीतही निघतो. नंतरची साखळी कन्नडमध्ये. दोन्ही जोडून वाचणारा माणूस लागतो.

आता एजंट पारखायचा कसा? "कागद आमच्या वकिलाला दाखवतो" असं म्हणून बघा. कामाचा एजंट त्याच दिवशी झेरॉक्स पाठवतो. दुसरा म्हणतो, "सगळं क्लिअर आहे, बँकेचं लोन पण होतंय." तिथूनच परत फिरा.

दुसरा प्रश्न, जागा कुठल्या हद्दीत? याचं उत्तर त्याला न अडखळता देता आलं पाहिजे. महापालिकेत असेल तर सिटी सर्वेचा उतारा आणि ई-खाता (महापालिकेतल्या कर-नोंदीचा ऑनलाइन उतारा). ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीतल्या मिळकतींच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११. हातात ११ ऐवजी ११-बी ठेवला तर लेआउट नियमात बसलेला नाही असं समजा. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआउटमध्ये असेल तर वाटपाचे कागद. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीत, बऱ्याच ठिकाणी बंगला मालकाचा आणि जमीन सरकारची असते, तिथे तर एजंटाच्या तोंडी माहितीवर एक पाऊलही टाकू नका. आणि ई-खाता म्हणजे मालकी नव्हे. खाता कराच्या नोंदीसाठी असतो. मालकी खरेदीपत्रांच्या साखळीवर ठरते. हा फरक तुम्ही न विचारता जो एजंट सांगेल त्याचा नंबर जपून ठेवा.

शहराच्या कडेला शेतजमीन एनए (बिगरशेती) न करता गुंठ्या-दोन गुंठ्यांनी बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर, विकलेली आहे. वर घर उभं आहे, लाईट आहे, नळ आहे, म्हणून ते कायदेशीर होत नाही. "सगळे असेच राहतात" हे खरंही असेल, पण पुढे विकताना तुमच्या हातात काय असेल?

ईसी कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर तुम्हाला स्वतःलाही काढता येते. जुन्या वर्षांची सब-रजिस्ट्रार कचेरीतून मागवा. निदान तीस वर्षांची बघा. मात्र वारसांचा घोळ ईसीत दिसत नाही, आणि आपल्याकडे खरी भांडणं तिथेच होतात. वडिलोपार्जित घर असेल तर विकणाऱ्याच्या बहिणी किती आणि त्यांच्या सह्या होणार का, हे पहिल्या भेटीतच विचारा. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलं. "बहिणी काय मागत नाहीत हो" असं एजंट म्हणाला तर हसून सोडून द्या, सही मात्र सोडू नका.

रेराचं, म्हणजे नवे घरप्रकल्प आणि ते विकणारे एजंट यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याचं, थोडक्यात. नोंदणीकृत नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटाकडे स्वतःचा रेरा नंबर लागतो. कर्नाटक रेराच्या साइटवर तो बघता येतो. तुम्ही बघताय तसल्या जुन्या घराच्या फेरविक्रीला तो लागत नाही, तेव्हा तिथे "मी रेरावाला" या बढाईला अर्थ नाही.

वडगाव-येळ्ळूरच्या बाजूला बघताय तर बळ्ळारी नाल्याचं विचाराच. मोठ्या पावसात त्या शिवारात पाणी पसरतं. एजंट घर उन्हाळ्यात दाखवतो. तुम्ही जुलैत एकदा एकट्या जाऊन या, शेजारच्या बायकांशी बोला. त्या खरं सांगतात. रिंगरोड आणि हलगा-मच्छे बायपासच्या नावाने भाव चढवून सांगतात, त्यालाही भुलू नका. रस्त्यासाठी जमीन घेताना सर्वे नंबर अधिसूचनेत जाहीर होतात, ते वकिलाकडून तपासून घ्या. रस्ता जवळून जाणार की तुमच्या अंगणातून, यात बराच फरक आहे.

कमिशन रेरा कायद्याने ठरवून दिलेलं नाही. एक-दोन टक्के मागतात, घासाघीस चालते. तो मालकाकडूनही घेणार आहे का हे सरळ विचारा; घेत असेल तर गुन्हा नाही, पण मग भाव पाडायला तो तुमच्या बाजूने किती जोर लावेल ते ओळखा. काही जण मालकाला थोडा इसार देऊन घर अडवून ठेवतात आणि वरचा फरक खिशात घालतात. म्हणून इसार देण्याआधी मालकाशी समोरासमोर बोला, रक्कम त्याच्याच खात्यावर चेकने द्या. कमिशनचा मोठा भाग खरेदी नोंद झाल्यावरच द्यायचा, हे सुरुवातीलाच लिहून घ्या.

खर्चाचा आकडाही एजंटाकडून आधी लिहून घ्या. शहरात मुद्रांक ५ टक्के, त्यावर सेस-सरचार्ज, आणि नोंदणी फी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून १ वरून २ टक्के झाली आहे. म्हणजे एकूण साधारण ७.६ टक्के. जुन्या हिशेबाने ६.६ सांगणारे अजून भेटतात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, मालकाने नाही.