साध्या एलईडीला बोटाचा स्पर्श आणि पाणी ओळखता येतं का?

हो, येतं. वेगळा सेन्सर न लावता एलईडीकडूनच हे काम करून घेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. आधी एक करून बघा. पारदर्शक आवरणाचा लाल एलईडी मल्टिमीटरला जोडा, डीसी व्होल्ट लावा आणि कडक उन्हात धरा. एक-दीड व्होल्ट दिसतील. मी हे पहिल्यांदा पाहिलं तो दिवस अजून आठवतो.

एलईडीच्या आतलं जे जंक्शन (दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा सांधा) प्रकाश देतं, त्याच्यावर प्रकाश पडला की तेच करंटही देतं. फक्त तो प्रकाश साधारण त्याच्याच रंगाचा किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा हवा. लाल एलईडीला हिरवा प्रकाश जाणवतो, हिरव्याला लाल नाही. अमेरिकेतले हौशी शास्त्रज्ञ फॉरेस्ट मिम्स यांनी याच गुणावर सूर्यप्रकाश मोजायचं यंत्र बनवलं आणि 1992 साली त्यावर शोधनिबंध लिहिला.

आता स्पर्श. एलईडीची दोन्ही टोकं आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) दोन पिनांना जोडा, मध्ये 220 ओहमचा रेझिस्टर. क्षणभर उलटा व्होल्टेज द्या, म्हणजे जंक्शन छोट्या कपॅसिटरसारखं (चार्ज साठवणाऱ्या भागासारखं) चार्ज होतं. मग कॅथोडची, म्हणजे एलईडीच्या ऋण टोकाची पिन इनपुट करा आणि तिचा व्होल्टेज उतरून ती लो व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. उजेडात झटकन, अंधारात सावकाश. पुल-अप, म्हणजे पिनला हाय ठेवणारा बोर्डातला रेझिस्टर, बंदच हवा, नाहीतर पिन कधीच लो होणार नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. शेजारी दुसरा लाल एलईडी पेटता ठेवा. बोट वर आलं की त्याचा प्रकाश बोटावरून परत येतो आणि वेळ घटतो. खोलीत भरपूर उजेड असेल तर मात्र बोटाची सावली पडते आणि वेळ वाढतो, म्हणून सुरुवातीला दर वेळी कॅलिब्रेशन करा, म्हणजे बोट नसतानाचा वेळ मोजून ठेवा.

पाण्यासाठी मला याहून सुंदर वाटते ती अ‍ॅक्रिलिकच्या कांडीची युक्ती. टोक 90 अंशांच्या पाचरीसारखं घासून पॉलिश करा, वरच्या बाजूला दोन्ही एलईडी बसवा. हवेत प्रकाश टोकाच्या दोन्ही उतारांवरून पूर्ण परावर्तित होऊन परत येतो, कारण तिथे क्रांतिक कोन (ज्याच्या पलीकडे प्रकाश बाहेर न जाता पूर्ण परततो तो कोन) सुमारे 42 अंश आणि किरण 45 अंशांवर पडतो. पाण्यात तोच कोन 63 अंशांवर जातो, म्हणून प्रकाश बाहेर निसटतो आणि मोजलेला वेळ वाढतो. तेलातही हे चालतं. उघड्या तारांच्या प्रोबला तेल कळतच नाही, आणि पाण्यात त्या गंजतात. टोकाला थेंब चिकटून राहिला तर टाकी रिकामी असूनही ओली दिसेल, तेव्हा कांडी टाकीत वरून खाली लटकवा, म्हणजे थेंब गळून पडायला सोपं जाईल. दुधात थोडा प्रकाश विखुरून परत येतो, त्यासाठी वेगळी मर्यादा ठरवावी लागेल.