क्रीकवरची साय आणि दुकानातली पुडी

चेरी घातलेल्या लांबिकवर (ब्रसेल्सकडची, हवेतल्या जिवांनी आंबणारी बिअर) पांढरी साय धरलीय, बिअरच्या सामानाचा दुकानदार म्हणतो पोटॅशियम सॉर्बेट (यीस्टची वाढ रोखणारी पावडर) टाका, टाकू की सगळं ओतून देऊ, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही करू नका. घाईत असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मीही ब्रसेल्सजवळच राहतो आणि अशीच खोक्यातली तयार लांबिक आणून घरी क्रीक, म्हणजे चेरीची लांबिक, करतो. ती साय ब्रेटॅनोमायसिस नावाच्या रानटी यीस्टची आणि त्याच्या भाऊबंदांची. वर थोडी हवा राहिली की धरते. ढवळू नका, झाकण उघडून रोज बघू नका, एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या बुचातलं) पाणी तेवढं आटू देऊ नका. हिरवी-काळी, केसाळ बुरशी असेल तर मात्र खुशाल फेका.

आता सॉर्बेट. हाच सल्ला मला एका नावाजलेल्या दुकानाने दिला होता (नाव घेत नाही). फळांच्या वाइनमध्ये सॉर्बेट चालतं, कारण तिथे सल्फाइटने जिवाणू आधीच आवरलेले असतात. लांबिकमध्ये पेडिओकॉकससारखे लॅक्टिक जिवाणू हवेच असतात, आंबटपणा त्यांचाच. अशा जिवाणूंपैकी काही सॉर्बेटवर ताव मारतात आणि त्यातून जे तयार होतं त्याला जिरेनियमचा चुरगळलेला पाला असतो ना, तसा भपकारा येतो. गाळून जात नाही, मुरवून जात नाही. माझा सगळा कारबॉय (आंबवायचा मोठा बुधला) मोरीत गेला.

तक्रार केली तर उत्तर काय? "जिवाणू आढळत असल्यास आपली स्वच्छता कमी पडली असावी." अहो, ब्रसेल्सच्या सेन नदीच्या खोऱ्यात, लांबिकच्या माहेरी राहून हे लिहिता? जिथे उकळलेला वर्ट (बिअरचा न आंबलेला गोड काढा) रात्रभर कूलशिप नावाच्या उघड्या, पसरट भांड्यात निवत ठेवतात तो हवेतले जीव पडावेत म्हणूनच! पुन्हा पत्र लिहिलं, पुन्हा तोच मजकूर, फक्त तारीख बदललेली. आजही आठवलं की डोकं फिरतं.

सल्फाइटची गोळीही नको. इतक्या आंबट द्रावात ती जास्तच जोर धरते आणि चेरीची साखर खाणाऱ्या यीस्टलाच झोपवते.

चेरी लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास, बियांसकट. बदामाचा वास बियांतूनच उतरतो. क्रीकसाठी पारंपरिक मानलेल्या स्कारबेक जातीच्याच हव्यात असा हट्ट नको, मिळणं कठीण. फ्रीझरमधल्या आंबट चेरी उलट बऱ्या, साल फुटून रस लवकर सुटतो. फळ उकळू मात्र नका, पेक्टिनने गढूळपणा येतो. आणि सुपरमार्केटच्या गोड क्रीकशी तुलना करून नाराज होऊ नका. चव बघायची तर लेबलवर 'आउडे क्रीक' लिहिलेली घ्या; हे नाव १९९७पासून युरोपात संरक्षित आहे. गोड क्रीक मला सरबत वाटते, पण ज्याची त्याची आवड.

मी काही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नाही, हे सगळं नाकाने आणि खिशाने शिकलेलं. पुण्याला परतल्यावर जांभूळ घालून बघायचा विचार लिहिलाय, तो सोडा. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना घरी दारू गाळणं-आंबवणं गुन्हा आहे.

बाटलीत भरताना बुडबुडे थांबले यावर जाऊ नका. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा काही आठवडे जागचा हलला नाही तरच भरा, तेही शॅम्पेनच्या जाड बाटल्यांत. पातळ काच फुटते, आणि चेरीचे डाग पांढऱ्या भिंतीवरून निघत नाहीत, घरमालक डिपॉझिटमधून कापतो.