भाच्याच्या लग्नाला जायचंय, पण क्रूझरची धास्ती वाटते

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 47, सहा वर्षांपासून आमवात, म्हणजे सांधे सुजून दुखण्याचा आजार. सुरतेला, उधन्याला राहणाऱ्या बहिणीच्या मुलाचं लग्न आहे आणि घरचे बारा जण रात्रीच क्रूझर करून निघणार आहेत. मागच्या वर्षी नणंदेकडच्या लग्नाला त्या अशाच दाटीवाटीत बसून गेल्या आणि परतल्यावर चार दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. वर ऐकावं लागलं, "तुले काय व्हयनं? लगनमा ते चांगली व्हती ना!" यजमान म्हणतात, एक दिवस सहन कर. ताई विचारतात, "जाऊ की नको? नाही गेले तर बहीण काय म्हणेल?"

ताई, जा. पण क्रूझरनं जाऊ नका.

माझ्या आईलाही आमवात होता. एका चैत्रात आम्ही भावंडांनी तिला जीपमध्ये बसवून सप्तशृंगीला नेलं. गडावर चढायची ट्रॉली झाली 2018 मध्ये, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या सगळ्या पायऱ्या आई कठड्याला धरून चढली, चकार शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, आज बरं दिसतंय तिला. घरी आल्यावर तिला पाण्याचा तांब्या उचलता येईना. तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आई आता नाही, पण तो तांब्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून तुमचं पत्र वाचून राहवलं नाही.

आमवातात सांधे एका जागी बसून आखडतात, हे तुम्हाला रोज सकाळी कळतंच. क्रूझरच्या मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लागलेला, पाय लांब करायला जागा नाही, धुळ्यापुढे कोंडाईबारीचा घाट, आणि बारा जणांत "जरा गाडी थांबवा" म्हणायचा संकोच. तुमचं दुखणं मागच्या वर्षी तिथंच वाढलं असणार.

तुमच्या गावावरून सुरतेची रेल्वे जाते, ती धरा. डब्यात दर अर्ध्या-पाऊण तासानं उठून चार पावलं टाकता येतात. पहाटेची गाडी नको, सकाळचा ताठरपणा ओसरल्यावर निघता येईल अशी दुपारची बघा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि लग्नसराईत लगेच भरतं. तुमचं तिकीट सगळ्यांसोबत काढू नका. 45 च्या पुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो एकटीच्या, नाहीतर त्या कोट्यात बसणाऱ्या दोघांच्याच तिकिटाला मिळतो. सोबतीला मुलगी येणार असेल तर तिचं तिकीट वेगळं. पिशवी बोटांत धरू नका, पट्टा खांद्यावर घ्या. आहेराच्या साड्यांचं गाठोडं क्रूझरमधून जाऊ दे.

औषधं मात्र हातातल्या पर्समध्येच, गाठोड्यात नकोत. पत्रात तुम्ही मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या गोळीचा उल्लेख केलाय आणि गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळतं, असंही लिहिलंय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तो वार लग्नाच्या आदल्या दिवशी येत असेल तर पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आपल्या मनानं चुकवू नका, आणि राहिली म्हणून दोनदा तर अजिबातच घेऊ नका. लग्नघरात कुणीतरी "माझी गोळी घे, लगेच उतरतं" म्हणेलच. ती घेऊ नका. आधीच्या औषधांवर तसली वेदनाशामक गोळी पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

आता बहिणीचं. तिला आजच फोन करा आणि "बघू, जमेल तसं" असं गुळमुळीत बोलू नका. तळमजल्यावरची खोली, कमोड असलेला संडास, पंगतीत न बसता खुर्चीवर जेवण, हळदीच्या दुपारी दोन तास आडवं व्हायला जागा, एवढं स्पष्ट मागा. वरणबट्टीच्या स्वयंपाकात कणीक मळायला तुमच्याकडे कुणी परात सरकवणार नाही, हेही तिलाच बघायला सांगा. वडीलधाऱ्यांना उभ्यानं हात जोडलेत तरी चालतं. सख्ख्या बहिणीला हे ऐकून वाईट वाटेल ते तुमच्या त्रासाचं, तुमच्या मागण्यांचं नाही. लग्नाआधी एक दिवस पोचा आणि नंतर एक दिवस तिच्याकडेच राहा. परतीचं तिकीटही त्याच हिशेबानं काढा.

यजमानांच्या मनात वाईट नसावं. तो एक दिवस त्यांना दिसतो, पुढचे चार दिसत नाहीत. मागच्या वर्षी त्या चार दिवसांत स्वयंपाक कुणी केला, तुमची वेणी कुणी घातली, हे रागावून नको, शांतपणे सांगा. नाहीतर हे पत्रच वाचायला द्या.

लग्नाहून आल्यावर मला पुन्हा लिहा. कसा झाला प्रवास, कुठं दुखलं, बहिणीनं खोली कुठली दिली, सगळं लिहा. मी वाट बघतेय.