डोंगर त्याला हवा होता, गाव तिला माहीत होतं

"पुणं सोडून साताऱ्यात राहायला यावं का?" मी साताऱ्यात समुपदेशन करते आणि गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आतबाहेरचे असतात. आठवड्यातले काही दिवस घरून काम करता येतं, शहरातल्या ट्रॅफिकनं जीव मेटाकुटीला आलेला असतो आणि एखाद्या सप्टेंबरात कासची फुलं बघून मन तिथंच राहिलेलं असतं. बोलणं सुरू होतं घरभाडं, शाळा, दवाखाना यांवरून. थोडं खोलात गेलं की दोन भीती वर येतात: "आपण पळ तर काढत नाही ना?" आणि "माझ्या हौसेपायी घरच्यांची फरफट तर होणार नाही ना?"

या दोन्ही भीती ज्या घरात एकदम होत्या, त्या घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत. राहायला सिंहगड रस्त्याला. ऑफिसला जायला दीड तास, यायला दीड तास, पाऊस असला तर विचारायलाच नको. लॉकडाऊनमध्ये सायकल घेतली आणि त्याच सायकलनं त्याला सावरलं, असं तो म्हणायचा. कंपनीनं आठवड्यातून दोनच दिवस यायला सांगितल्यापासून त्यानं साताऱ्याचा ध्यास घेतला होता. रविवारी गाडीला सायकल लावून तो इकडं यायचा. पहिल्या भेटीत त्यानं मला साताऱ्याचे रस्ते असे सांगितले की मी इथलीच असून ऐकत राहिले. शहर साधारण 700 मीटर उंचीवर, कास 1200 च्या आसपास. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट सुरू होतो, म्हणजे घरातून निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाय चढाला लागतात. बोगद्यातून पलीकडं गेलं की सज्जनगड, ठोसेघर, पुढं चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. चढ नको असेल त्या दिवशी कोरेगावची वाट धरायची. "पुण्यात मॅडम, पहिला तासभर गर्दीतून बाहेर पडण्यातच जातो," तो म्हणाला. त्याचं खरं होतं. 2012 पासून इथं होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉननं यवतेश्वरचा घाट महाराष्ट्रभरच्या धावणाऱ्यांच्या पायांना माहीत करून दिला, आणि सायकलवाल्यांनाही त्याची ओढ आहे.

ती अकाउंट्सची कामं करते, स्वतःची दहा-बारा गिऱ्हाइकं सांभाळते. तिचं माहेर साताऱ्यातलंच, जुन्या पेठेतलं. मला वाटलं होतं, माहेरी परत यायचं म्हणजे हिला आनंदच असेल. ती पूर्ण तासभर शांत बसली होती. शेवटी म्हणाली, "माझी काही हरकत नाही. त्याला आवडतंय ना, मग बघू."

समुपदेशनात "माझी काही हरकत नाही" हे वाक्य ऐकलं की मी तिथं थांबते. हरकत नसलेला माणूस सहसा प्रश्न विचारतो: घर कुठं घ्यायचं, पाणी किती वाजता येतं, ओटा केवढा आहे. तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

आधी त्याच्याबद्दल. मी त्याला साताऱ्याचे फायदे-तोटे लिहायला सांगितले नाहीत. ते त्यानं केव्हाच एक्सेलमध्ये मांडले होते. मी म्हटलं, जुलैमधला एक मंगळवार मला सांगा. साताऱ्यातला. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. तो उत्साहानं बोलू लागला आणि दुपारपर्यंत येऊन अडखळला. जुलैत यवतेश्वरच्या घाटात धुकं असतं, दरड कोसळण्याची भीती असते. धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. आणि मंगळवारी ऑफिसात जायचं असेल तर सायकलचा प्रश्नच उद्भवत नाही. मग त्यानं स्वतःहून सांगितलं की पुण्यातसुद्धा कामाच्या दिवशी तो सायकलला हात लावत नाही, कारण अमेरिकेतल्या टीमचे कॉल रात्री अकरापर्यंत चालतात आणि त्यानंतर दोनपर्यंत झोप येत नाही.

मग आम्ही एक यादी केली. साताऱ्याला आल्यावर पुण्यातच मागं राहील असं काय आहे, आणि सामानाबरोबर ट्रकमध्ये चढून येईल असं काय आहे? सिग्नलला थांबणं, धूर, दीड तासाचा रस्ता हे मागं राहील. रात्रीचे कॉल येतील. झोप न लागणं येईल. "नाही" म्हणताना जीभ अडखळणं, तेही येईल. रोजच्या प्रवासाचा त्रास माणसाला खरोखर पोखरतो, आणि त्याची सवय होत नाही, कारण तो रोज नव्या ठिकाणी अडतो. तो त्रास टाळावासा वाटणं म्हणजे पळ काढणं नव्हे, हे मी त्याला ठामपणे सांगितलं. पण ज्या गोष्टी पुण्यात राहूनही बदलता येतात त्या आधी पुण्यात बदलून बघायच्या, एवढी अट मी घातली. त्यानं मॅनेजरशी बोलून रात्रीचे कॉल आठवड्यातल्या दोनच दिवसांवर आणले. त्याला पंधरा दिवस लागले आणि बोलताना हात थंड पडले होते, असं त्यानं सांगितलं. झोप पूर्ण सुधारली नाही, पण महिनाभरानं तो सिंहगड रस्त्यावरूनच एका बुधवारी पहाटे सायकल घेऊन बाहेर पडला. त्यानंतर साताऱ्याबद्दल बोलताना त्याच्या आवाजातला घायकुतेपणा कमी झाला. ध्यास तसाच होता.

ती एकटी आली तेव्हा पहिली वीस मिनिटं मुलीच्या शाळेबद्दल बोलली. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. मग मी विचारलं, "साताऱ्याला माहेरी येता तेव्हा पहिले दोन तास कसे जातात?"

तिचे डोळे भरून आले.

तेवीस वर्षांची असताना तिचं लग्न ठरून मोडलं होतं. दोष कुणाचाच नव्हता, पण पेठेत वर्षभर तोच विषय होता. भाजी घ्यायला गेलं तरी कुणीतरी थांबवून विचारायचं, "अगं, काय झालं गं नक्की?" मोती चौकातून राजवाड्याकडं चालत जाणं तिला नकोसं व्हायचं. नोकरीचं निमित्त करून ती पुण्याला गेली. पुण्यातली पहिली कित्येक वर्षं तिला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कुठली, तर रस्त्यावर कुणी ओळखत नाही. "तो म्हणतो, साताऱ्यात माणसं माणसांना ओळखतात. मॅडम, मला त्याचीच भीती आहे. तिथं मी परत आमक्यांची धाकटी होईन. सोळा वर्षांत मी जी झाले, ती तिथं कुणालाच माहीत नाही."

हे ती नवऱ्याशी कधी बोलली नव्हती. मोडलेलं लग्न त्याला माहीत होतं, त्याचं वजन माहीत नव्हतं. पुढच्या भेटीत दोघं एकत्र बसले तेव्हा तिनं ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणून तू पेठेत गाडीतून उतरायला नेहमी वेळ लावतेस? मला वाटायचं तू केस नीट करतेस."

या प्रश्नानं त्या घरात जे बदललं ते माझ्या कुठल्याही सल्ल्यानं बदललं नसतं. त्यानं पाहिलेलं होतं. अर्थ फक्त आता लागला. जोडप्यांमध्ये गाव बदलण्यावरून जे वाद होतात त्यांत एकाला ते गाव नकाशासारखं दिसत असतं आणि दुसऱ्याला आठवणींसारखं. दोघं एकाच साताऱ्याबद्दल बोलत नसतात. अशा वेळी बहुमतानं निर्णय घेता येत नाही, आणि "तुझ्यासाठी मी येते" या त्यागावर तर मुळीच नाही. असा त्याग नंतर बरीच वर्षं वसूल होत राहतो, आणि दोघांनाही कळत नाही की वसुली कशाची चालली आहे.

मी त्यांना सुचवलं, घर विकण्याचा विषय बाजूला ठेवा आणि पावसाळ्यात महिनाभर इथं भाड्यानं राहून बघा. फुलांच्या दिवसांत नको, त्या दिवसांत सातारा कुणालाही आवडतो. माहेरी उतरायचं नाही. हे ऐकून तिच्या आईला वाईट वाटणार होतं, म्हणून आईशी कोण बोलणार हेही आधी ठरवलं. ती स्वतःच बोलली. "आई, आम्ही शाहूनगरला खोल्या घेतल्यात. तुझ्यावर राग नाहीये. मला इथं माझं माझं राहून बघायचंय." आई दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर झाली.

तो महिना फार कामाचा ठरला. त्याला प्रवासाचं खरं गणित कळलं. सातारा ते पुणे 110 किलोमीटरच्या आसपास, पण हिंजवडी पुण्याच्या पार पलीकडच्या टोकाला. रेल्वेनं जाऊ असं त्याच्या मनात होतं. स्टेशन शहराबाहेर माहुलीला, आणि लोहमार्ग लोणंद, नीरा, जेजुरी असा वळसा घेऊन जातो, त्यामुळं रस्त्यापेक्षा वेळ जास्त. एसटीची विनाथांबा गाडी स्वारगेटला सोडते, पण तिथून हिंजवडी गाठताना माणूस दमतो. पुण्याला जाताना तेव्हा खंबाटकीचा बोगदा लागायचा, येताना घाट चढावा लागायचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी तो घाट तुंबायचा. पहिल्या आठवड्यात सोमवारी आणि शुक्रवारी जाऊन-येऊन केल्यावर त्याची कंबर धरली. दुसऱ्या आठवड्यापासून त्यानं मंगळवार-बुधवार लागोपाठ घेतले. मंगळवारी पहाटे निघायचं, रात्री भावाकडं मुक्काम, बुधवारी रात्री परत. आठवड्याला एकच फेरी. हे झेपतं, असं तो म्हणाला, आणि तिनंही ते पाहिलं. (ज्यांचं काम शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे त्यांना हे गणित वेगळं पडतं. शिरवळ साधारण मध्यावर, तिथं दोन्हीकडून रोज जाणारी माणसं आहेत. आणि रोज पाचही दिवस हिंजवडीला जायचं असेल, तर मी साताऱ्यात घर घ्या असं कुणाला सांगणार नाही.)

सायकल पावसात कमी झाली. पण आठवड्यातले तीन दिवस सकाळी तो बाहेर पडायचाच, कधी कोरेगाव रस्त्यानं, कधी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वळसा घालून. कासला तो त्या महिन्यात फारसा गेलाच नाही. हे मला चांगलं लक्षण वाटलं. रोजचं होण्याजोगं जे असतं, त्यावर संसार उभा राहतो.

तिच्यासाठी मी एक छोटंसं काम दिलं होतं. आठवड्यातून एकदा, एकटीनं, पेठेतून चालत जायचं, आणि कुणी विचारलं तर उत्तर आधीच ठरवलेलं असू द्यायचं. पहिल्या फेरीत जुन्या शेजारच्या काकू भेटल्याच. "अगं, तू धाकटी ना त्यांची? इकडं कशी काय?" तिनं ठरवल्याप्रमाणं सांगितलं, "काकू, मी आता जीएसटीची कामं करते, इथं ऑफिस बघतेय." काकूंनी मोडलेल्या लग्नाचं नावही काढलं नाही. त्यांच्या मुलाचं दुकान होतं आणि रिटर्न भरायला चांगलं माणूस मिळत नव्हतं. सगळ्या भेटी अशा गेल्या नाहीत. एका लग्नात एका बाईंनी जुनं उकरून काढलंच, आणि त्या रात्री ती रडली. पण त्या रात्री तिचा नवरा तिच्याशेजारी बसून ऐकत होता. तेवीस वर्षांच्या मुलीकडं हे नव्हतं.

मुलीचं सगळ्यात सोपं निघालं. तिची अट एकच होती: मैत्रिणीला दिवाळीत आठ दिवस राहायला बोलवायचं. ती लगेच मान्य झाली. पुढं इथल्या शाळेत गेल्यावर दोन महिने ती कुरकुरली, मग तिची तिला वाट सापडली.

पुढच्या उन्हाळ्यात ते आले. गोडोलीच्या बाजूला, तिनं निवडलेल्या घरात, अकरा महिन्यांच्या करारावर. घर बघताना आता तीच प्रश्न विचारत होती: पाणी जीवन प्राधिकरणाचं की पालिकेचं, उंचावर दाब पुरतो का, सायकल ठेवायला जिन्याखाली जागा आहे का. तिनं पोवई नाक्याजवळ एक लहानसा गाळा भाड्यानं घेतला, कारण घरातून काम केलं तर माहेरचं कुणीतरी दुपारी येऊन बसणार हे तिला माहीत होतं.

त्याचे रात्रीचे कॉल मध्यंतरी पुन्हा तीन दिवसांवर गेले होते, ते त्यानं परत दोनावर आणले. तिच्या आईचं आधी न कळवता घरी येणं अजून पूर्ण थांबलेलं नाही, त्यावर ती माझ्याशी अधूनमधून बोलते. भाड्याचा करार त्यांनी एकदा वाढवला आहे. सिंहगड रस्त्याचा फ्लॅट भाड्यानं दिलाय, विकलेला नाही, आणि मुलीची दहावी होईपर्यंत विकायचा विषय काढायचा नाही असं तिघांनी मिळून ठरवलंय.