जिप्सीत डिझेल इंजिन टाकायचंय ना? मग इंजिन सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा प्रश्न वाचला. २००६ ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली) जिप्सी आहे, एमएच ३९ म्हणजे नंदुरबार पासिंग, शेतात जाते, तोरणमाळकडे जाते, कधीमधी ऑफरोडला जाते, पेट्रोल फार पिते, चढावर खालच्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे कमी असताना) दम नाही, टायर २३५/७५ टाकलेत आणि एक डिझेल इंजिन स्वस्तात मिळतंय तर घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. थांबा भाऊ, ॲडव्हान्स देऊ नका अजून. मी रावेरकडचा, केळीवाला, माझ्या जिप्सीत १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बसवलेलं आहे, काम पूर्ण व्हायला पावणेदोन वर्षं गेली आणि त्यातला निम्मा वेळ इंजिन आधी घेऊन ठेवल्यामुळे गेला. म्हणून सांगतो, आधी कागद, मग मोजमाप, आणि दोन्हीतून गाडी पास झाली तरच इंजिन.

कागदाचं आधी बोलू कारण तुमच्या बाबतीत गाडी तिथंच अडकते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जे बनवून दिलंय त्यात फरक पडेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ ए आलं, त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा दोन्ही. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन बदलून आरटीओत कळवून आरसीवर नवा नंबर चढवणं वेगळं, आणि पेट्रोलच्या जागी डिझेल वेगळं. तुमची गाडी २००६ ची म्हणजे २०२१ ला रिपासिंग झालं असेल, ते पाच वर्षांचं, परत इन्स्पेक्शनला उभी कराल तेव्हा बोनेट उघडणार, इंजिन नंबर बघणार, फ्युएल बघणार. आणि त्याहून मोठी गोष्ट इन्शुरन्स. घाटात कुणाला लागलं तर कंपनी आधी इंजिन नंबर जुळवेल, नाही जुळला तर क्लेमला हात वर करायला त्यांना कारण मिळालं आणि समोरच्याची भरपाई तुमच्या शेतावर येऊ शकते. माझी गाडी मी रोडवर चालवत नाही. शेतात आणि इव्हेंटला, तेही ट्रेलरवर चढवून. तुम्हाला तोरणमाळला रोडनेच जायचंय ना, मग माझं मत साफ आहे की ही अदलाबदल तुमच्या या गाडीसाठी नाही. तरी पुढचं लिहितो, कारण शेतापुरती दुसरी गाडी तयार करायची म्हटली तर हे कामाला येईल, आणि तुमचा दम नसण्याचा त्रासही यातच कळेल.

गिअरिंग, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन किती फिरतं ते. हे लोक मोजतच नाहीत आणि सगळी गाडी यावर चालते. मी काय केलं, ओट्यासमोर सिमेंटच्या अंगणात गाडी लावली, मागच्या टायरला आणि खाली जमिनीवर खडूने खूण केली, टायर एक फेरा होईपर्यंत ढकलली आणि टेप लावली, २.१ मीटर भरलं (माझे टायर कंपनीच्याच साईजचे, २०५/७०). मग चारही प्लग काढले (तेव्हा पेट्रोल इंजिनच होतं) म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही, चौथा गिअर टाकला, क्रँक पुलीला खडू लावला आणि दोन पोरांना म्हटलं हळूहळू ढकला. मी बोनेटमध्ये डोकं घालून पुलीचे फेरे मोजत होतो. चाकाच्या एका फेऱ्याला पुली साधारण साडेपाच फिरली. एकच चाक जॅकवर उचलून फिरवू नका, डिफरन्शियलमुळे आकडा चुकतो, दोन्ही चाकं जमिनीवर पाहिजेत.

आता हिशोब. २.१ मीटरचं चाक एका किलोमीटरला ४७६ फेरे मारतं, गुणिले साडेपाच, म्हणजे इंजिन एका किलोमीटरला २६०० च्या आसपास फिरलं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून चौथ्यात ६० ला तेच २६०० आरपीएम, ८० ला ३५००. जुनं अडीच लिटरचं डीआय (साधं डिझेल) इंजिन तीन-सव्वातीन हजारातच दम टाकतं, ते इथं लावलं आणि गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (इंजिनचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) नसेल तर गाडी ७०-७५ ला संपली, वरून आवाज असा की शेजारच्याशी बोलता येत नाही. मल्टिजेटचा १९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) २००० आरपीएमला आणि ७५ पीएस ४००० ला, म्हणून हे माप त्याला जमतं. जिप्सीच्या पेट्रोलचा १०३ टॉर्क ४५०० ला आहे, खाली ते रिकामंच वाटणार.

आणि तुमचं बघा, २३५/७५ टायर कंपनीच्या टायरपेक्षा जवळजवळ दहा टक्के उंच. चाकाचा घेर २.३ मीटर, म्हणजे ६० ला आरपीएम २६०० वरून २४०० वर आलं. ज्या इंजिनला वर फिरल्याशिवाय जोर येत नाही त्याला तुम्ही आणखी खाली बसवलं, मग चढावर दम कुठून येणार. आधी जुने टायर चढवून चांदसैली घाट चढून बघा, मला वाटतं अर्धी तक्रार तिथंच मिटेल. उरलेल्यासाठी कॉम्प्रेशन चेक करा, फ्युएल प्रेशर बघा, क्लच स्लिप होत नाही ना बघा.

पैशाचंही एकदा मांडून बघा. वर्षाला पाच हजार किलोमीटर धरले, पेट्रोलवर ९ चा ॲव्हरेज म्हणजे ५५५ लिटर, डिझेलवर १३ म्हणजे ३८५ लिटर. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९० धरलं तरी वर्षाला साडेतेवीस हजार वाचतात. माझा खर्च सव्वातीन लाखाच्या पुढे गेला. चौदा वर्षं लागतील निघायला. मायलेजसाठी हे काम कुणीच करू नये, ज्याला त्या गाडीत टॉर्कच पाहिजे त्याने करावं.

आता बसवायचं. जिप्सीची एक चांगली गोष्ट म्हणजे ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी, मधे छोटा शाफ्ट, त्यामुळे इंजिन-गिअरबॉक्स थोडं पुढे-मागे करायला वाव मिळतो. स्पेनमध्ये सांताना कंपनीने सुझुकी सामुराई, म्हणजे जिप्सीचीच बहीण, प्यूजोचं १.९ डिझेल लावून विकली, म्हणजे या चेसिसला छोटं डिझेल झेपतं. मोठं नाही. आमच्याकडचे जुने मिस्त्री अहिराणीत म्हणतात, इंजिन बशी जाई, पन गाडीले झेपाले जोयजे ना भो (इंजिन बसेल, पण गाडीला झेपलं पाहिजे ना भाऊ). जिप्सीचं मूळ इंजिन ॲल्युमिनियमचं, हलकं, त्याजागी बिडाचं जड इंजिन आलं की पुढचे पाटे बसतात, स्टीअरिंग जड, ब्रेकला गाडी नाकावर येते. जिनिंगच्या वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग फक्त मागची, आणि काम झाल्यावर परत तसंच. लो रेंजमध्ये (ट्रान्स्फर केसचा हळू, जोराचा गिअर) टॉर्क गुणाकाराने पुढे जातो, तो शेवटी ॲक्सलच्या जॉइंटवर येतो, म्हणून दगडात अडकल्यावर डिझेलचा पाय दाबायचा नसतो.

सगळ्यात जास्त वेळ चेंबरने, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याने खाल्ला. मल्टिजेट मूळ गाडीत आडवं बसतं, इथं उभं, त्यामुळे ऑइलचं चेंबर बरोबर पुढच्या ॲक्सलच्या हाउसिंगवर येतं. केळीच्या एक्स्पोर्टच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून मी अख्ख्या चेंबरचा साचा केला, प्लायची पट्टी लावून तो जिथं येणार तिथं टांगला. मग पाट्यांची मेन पट्टी ठेवून बाकीच्या काढल्या, म्हणजे जॅकने हाउसिंग सहज वर जातं. आईकडून कणकेचा गोळा घेतला, हाउसिंगवर ठेवला आणि बंपर रबर दबेपर्यंत जॅक मारला. सरळ उचललं तेव्हा कणीक बोटाच्या पेराएवढी जाड राहिली, मी खूश. मग एकच बाजू उचलली, जशी नाल्यात एक चाक वर जातं तशी, आणि त्या बाजूला कणीक पापडासारखी चपटी झाली. इंजिन फाउंडेशनच्या रबरावर स्वतःही हलतं, त्यामुळे किमान एक इंच मोकळं पाहिजे. पुठ्ठ्यावरच कळलं म्हणून बरं. चेंबर कापून नवं बनवलं, ऑइल ओढायचा पाइप सरकवला, आणि चढ-उताराला पाइप तेलाबाहेर येऊ नये म्हणून आत पत्र्याचे आडोसे लावले.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी ॲडॅप्टर प्लेट मात्र माझी फसली. एका लेथवर पहिली प्लेट नुसती बोल्टच्या भोकांवर जुळवून केली, जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिन नाहीत, सेंटर मोजायचा डायल गेज लावलाच नाही. सहाशे किलोमीटरमध्ये गिअरबॉक्समधून घरघर सुरू झाली, उघडलं तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग खलास आणि क्लच प्लेटचे स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे दाते) एका बाजूने घासलेले. क्रँकचा आणि इनपुट शाफ्टचा सेंटर एका रेषेत नसेल तर हे होणारच. दुसऱ्या वेळी फ्लायव्हीलवर डायल लावून ते फिरवत बेल हाउसिंगचं (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाचं) तोंड चेक केलं, डॉवेल ठोकले, तेव्हापासून आवाज नाही.

ब्रेकचं कुणी सांगत नाही ते सांगतो. पेट्रोलला ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम इंजिनच्या हवा ओढणाऱ्या मॅनिफोल्डमधून येतो, डिझेलला तिथं व्हॅक्यूम नसतो, पंप लागतो. जुन्या डिझेलना तो अल्टरनेटरच्या मागे असतो. तो पाइप नीट जोडल्याशिवाय गाडी जाग्यावरून हलवायची नाही, बूस्टर मेला की पेडल दगड होतं.

वायरिंगसाठी एकच, सुटं इंजिन घेऊ नका, अख्खी अपघाती गाडी बिलासकट घ्या. ईसीयू, चावी, इमोबिलायझर, ॲक्सिलरेटर पेडल, सेन्सर सगळं एकमेकांशी बांधलेलं असतं. बिल नसलेलं इंजिन चोरीचं निघालं तर वेगळंच लफडं. टाकी काढून आतून पूर्ण साफ करा, रिटर्न लाइन आणा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा.

शेवटी उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि ऑफरोडला लो रेंजमध्ये ताशी पाचने चालताना समोरून वारा नसतो. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक लावले की मागच्याला गरमच हवा. मी इंटरकूलर बाजूला नेला, तांब्याचा तीन रांगांचा रेडिएटर केला, पंख्याभोवती पूर्ण श्राउड, म्हणजे हवा धरणारं आवरण. ट्रायल दिवाळीत घेतलं असतं तर फसलो असतो. मेमध्ये दुपारी दोनला, तापीच्या कोरड्या वाळूत, पाऊण तास लो रेंज. काटा मधल्या खुणेच्या थोडा वर जाऊन थांबला, तेव्हा बोनेट बंद केलं.

तुम्ही आता एवढं करा, जुने टायर घालून घाट चढा आणि कुठल्या गिअरला, किती आरपीएमला गाडी बसते ते इथं लिहा, चार सिलिंडरचं कॉम्प्रेशनही लिहा. त्या इंजिनवाल्याला सांगा महिनाभर थांब, नाही थांबला तर जाऊ द्या.