रंगरूट, भरती आणि खोगीर

रंगरूट म्हणजे सक्तीनं सैन्यात ओढलेला माणूस का, आणि 'रणरंगात रूढ होतो तो रंगरूट' ही फोड बरोबर का, असा प्रश्न आहे. दोन्हींचं उत्तर नाही. फोड तर इतकी गोंडस आहे की तिथेच संशय यायला हवा होता.

रंगरूट हा छावणीत घोळलेला इंग्रजी 'रिक्रूट'. 'क्र' हे जोडाक्षर फुटलं, क चा ग झाला, र पुढच्या अक्षरात गेला आणि ओळखीचा 'रंग' पुढे येऊन बसला. लँटर्नचं लालटेन होताना 'लाल' असाच घुसला. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चं 'हुकुमदर' होताना 'हुकूम'. कोशकार 'इंग्रजी अपभ्रंश' असा शेरा मारून हात झटकतात. मला ही बिघडलेली इंग्रजी वाटतच नाही. परक्या आवाजाला घरचा अर्थ चिकटवायची ही शिपायांची हुशारी आहे.

वापराचं थोडक्यात. नावनोंदणीपासून कसम परेडपर्यंत तो रंगरूट. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात शपथ झाली की तोच पोरगा जवान. म्हणून बातम्यांतला 'अनुभवी रंगरूट' हा वदतोव्याघात. सक्तीचा तर संबंधच नाही. 2022 पासूनचा अग्निवीरसुद्धा स्वतः अर्ज करतो, धावतो, परीक्षा देतो. चार वर्षांची मुदत म्हणजे सक्ती नव्हे.

सक्तीवाला तो 'कॉन्स्क्रिप्ट'. लॅटिनमध्ये अर्थ 'एकत्र लिहिलेला', म्हणजे पटावर नाव चढलेला. फ्रान्सनं 1798 च्या जूर्दां कायद्यानं 20 ते 25 वयाच्या तरुणांची नावं अशी पटावर घेतली आणि शब्दाला दहशत आली. त्याआधी रोममध्ये सिनेटच्या सभासदांना 'कॉन्स्क्रिप्ती' म्हणत, आणि तो मान होता! मराठीत 'सक्तीच्या भरतीतला सैनिक' म्हणा, लांब असलं तरी. त्यासाठी 'बारगीर' सुचवणाऱ्यांनी कृपा करावी. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकार किंवा सरदार देतो तो. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. फरक घोड्याच्या मालकीचा आहे, इच्छेचा नाही. (बंगालच्या अंगाईत ज्या मराठा स्वाराची भीती घालतात, तो 'बर्गी' हाच.) जबरदस्तीची छटाच हवी तर आपल्याकडे 'वेठ' आहे, संस्कृत 'विष्टि'पासून आलेली. पण ती मजुरीची, लढाईची नव्हे.

आता खरी गंमत. 'रिक्रूट'च्या मुळाशी फ्रेंच 'रक्र्यू' आहे, आणि त्याचा अर्थ 'पुन्हा वाढलेलं'. लढाईत खंगलेल्या पलटणीला नव्यानं फुटलेली पालवीच म्हणा. वाढत्या चंद्रकोरीचा 'क्रेसंट', कोरीच्या आकाराचा 'क्रोसाँ' आणि जहाजावरचा 'क्रू' ही सगळी याच मुळाची भावंडं. 'क्रू' म्हणजे मुळात कुमक. 'रक्र्यू'पासून बनवलेलं 'रक्र्यूते' हे क्रियापद फ्रेंच नाटककार रासीनला इतकं खटकलं की त्यानं पत्रातून मुलाला बजावलं: हॉलंडच्या वृत्तपत्रांतून असले शब्द उचलू नकोस. शुद्धिवादी हरले, शब्द जगभर गेला.

आणि मराठीनं काय केलं? 'भरती'. समुद्राला येते तीही भरती, पलटणीची होते तीही भरती. फ्रेंचांनी कोर वाढवली, आपण पाणी चढवलं. माझ्या मते 'रिक्रूटमेंट'ला इतका नेमका शब्द दुसऱ्या भाषेत क्वचितच असेल. 'नवसैनिक-निवड' वगैरे घडवणाऱ्यांना घरातलं सोनं दिसत नाही. अडचण एवढीच की भरती ही क्रिया आहे, माणूस नाही. माणसासाठी रंगरूटच लागतो, म्हणून तो टिकला.

जाता जाता, 'खोगीरभरती' हा शब्द 'घाऊक भरती' या अर्थानं वापरू नका. खोगिरात चिंध्या, गवत, मिळेल ते कोंबायचं. फुगलं की झालं. म्हणून पाच माणसं घेतली आणि पाचही निरुपयोगी निघाली, तरी ती खोगीरभरतीच. पारखून घेतलेल्या पाच हजारांना मात्र तो शब्द लागू नाही.