पंधराव्या दिवशी बंद पडणारा व्यायाम

"माझ्यात चिकाटीच नाही. त्यावर काही करता येतं का?"

हा प्रश्न घेऊन व्यायामाच्या समुपदेशनाला आलेल्या गृहस्थांचं वय ४७. दिवसाचे नऊ तास खुर्चीत काम, दुसरा मजला चढला की धाप. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.१ आली होती, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी हृदयाच्या आवश्यक त्या तपासण्या केल्या, काळजीचं काही नाही म्हणाले आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं, 'नियमित व्यायाम'. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.)

त्याच चिठ्ठीवर गोळ्यांपुढे किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, सगळं होतं. व्यायामापुढे काहीच नव्हतं. मात्रा ठरलेली नसली की माणूस ती उत्साहाच्या मापाने घेतो, आणि पहिल्या दिवशी उत्साहाला तोटा नसतो.

सोबत आलेल्या पत्नी म्हणाल्या, "दर खेपेला नवे बूट येतात. पंधरा दिवसांनी पलंगाखाली जातात. आता चार जोड झालेत."

गृहस्थांनी एक वहीही आणली होती. चिकाटीवर बोलण्याऐवजी पहिली भेट ती वही वाचण्यातच गेली, आणि ते बरं झालं. चारही प्रयत्न तारीखवार लिहिलेले. शेवटच्या प्रयत्नाची पानं अशी: पहिला दिवस, ५० मिनिटं, त्यात २० मिनिटं पळणं. दुसरा दिवस, ५५. तिसऱ्या दिवसापुढे 'मांड्या दुखतात, तरी गेलो'. पाचव्या दिवशी सुट्टी. सहाव्या दिवशी 'भरपाई' म्हणून ७० मिनिटं. नवव्या दिवशी 'नडगी दुखते'. बाराव्या दिवशी फक्त वजन. मग कोरी पानं. आधीचे तीन प्रयत्न ११ व्या, १६ व्या आणि १४ व्या दिवशी थांबलेले. चार वेगवेगळ्या वेळी माणूस जवळपास एकाच ठिकाणी अडखळत असेल, तर आधी रस्ता बघायला हवा.

रस्त्यात तीन खड्डे दिसले.

पहिला खड्डा दुखण्याचा. सवय नसलेल्या स्नायूंना ताण पडला की ठणका लगेच येत नाही. तो साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतो. म्हणून पहिल्या दिवशी 'काहीच झालं नाही' असं वाटून दुसऱ्या दिवशी जास्त केलं जातं आणि तिसऱ्या दिवशी दोन्हींचा हिशेब एकदम येतो. हे दुखणं निरुपद्रवी असतं. दोन्ही पायांत सारखं, स्नायूभर पसरलेलं, थोडं चाललं की सैल होणारं. नडगीचं दुखणं मात्र वेगळं. हृदय-फुप्फुसं आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम टिकतो म्हणून माणूस पळत राहतो आणि नडगी मागे पडते. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, व्यायाम करताना वाढत असेल, विश्रांतीतही थांबत नसेल, तर पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. 'दुखतंय म्हणजे लागू पडतंय' हे वाक्य जितक्या लवकर विसरलं जाईल तितकं चांगलं.

दुसरा खड्डा वजनकाट्याचा. वहीत रोजचं वजन होतं: ८२.४, ८२.१, ८२.९, ८२.६. आठवडाभर घाम गाळून उलट वाढच! खरं तर नव्या व्यायामानंतर स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वाढवतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. ताण पडलेल्या स्नायूंत थोडी सूज असते, तिचंही पाणी. म्हणजे सुरुवातीला वजन वाढणं हे बिघडल्याचं लक्षण नाही. पुढचा हिशेबही कागदावर मांडला. ८० किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण १५० किलोकॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० असतात. रोज न चुकता चाललं आणि खाण्यात काडीचा फरक पडला नाही, तरी एका किलोला सात आठवडे. ते कागदाकडे बघत राहिले. "मग मी दर वेळी दुसऱ्या आठवड्यात काय शोधत होतो?"

तिसरा खड्डा भरपाईचा. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट. त्याने पुन्हा ठणका, पुन्हा सुट्टी, आणि आता दोन दिवसांची भरपाई. कर्जावर व्याज चढावं तसं हे चढतं.

जाता जाता चौथी एक गोष्ट. फोनमध्ये दहा हजार पावलांचं लक्ष्य लावलेलं होतं आणि ६,५०० झालेला दिवस ते 'नापास' धरत. हा आकडा एखाद्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात तो होता. 'मानपो-केई', दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, म्हणून जगभर पसरला. ६,५०० पावलांचा फायदा शरीराला मिळतोच.

काटा काढून घेतला तर मोजायचं काय? तीन गोष्टी ठरल्या. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी: मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजायची, दुपटीने लिहायची. त्यांची ८२ भरली. दुसरी, दोन मजले नेहमीच्या चालीने चढून दम सारखा व्हायला लागणारा वेळ. तो दोन मिनिटांच्या आसपास होता. तिसरी चाचणी तिथेच घेतली. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. हात छातीवर आडवे, पाय जमिनीवर सपाट. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसता येतं ते मोजायचं. १२ झाले. ही चाचणी मुळात साठीपुढच्यांसाठी वापरतात, आणि ६० ते ६४ वयाच्या पुरुषांतही १४ च्या खालचा आकडा सरासरीहून कमी धरला जातो. हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. तिशीनंतर स्नायूंचा ऱ्हास दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी होतो, आणि बसून राहणाऱ्यात तो लपून होतो, कारण वजन तेवढंच राहतं. दिलासा असा की मांड्यांची ताकद फार लवकर परत येते. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फुगतही नाहीत. मेंदू त्यांना कामाला लावायला शिकतो, एवढ्यानेच आकडा वर जातो.

मग मात्रा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस १० मिनिटं चालणं, जेवणानंतर. जेवणानंतर का, तर चालणारे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतात, आणि जेवणानंतरच ती चढलेली असते. शिवाय जेवण रोज होतंच, त्यामुळे वेगळी वेळ शोधावी लागत नाही. 'सकाळी लवकर उठून' हा बेत नको म्हटलं. त्यात एक नाही, दोन सवयी बदलाव्या लागतात. वेगाची खूण सोपी: बोलता यावं, पण गाता येऊ नये.

आणि एक बंदी. कितीही जोम वाटला तरी १५ मिनिटांच्या वर जायचं नाही.

यावर ते चिडलेच. "दहा मिनिटांनी काय होणार? जागतिक आरोग्य संघटना तर आठवड्याला १५० मिनिटं म्हणते."

म्हणते, बरोबर. २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल आहे आणि निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पण त्याच शिफारशींत हेही आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडं करणं बरं, आणि थोड्यापासून सुरू करून वाढवत न्यावं. १५० हा मुक्काम आहे. त्यांनी दर वेळी पहिल्या तीन दिवसांतच तो गाठला होता. पहिल्या दोन आठवड्यांत शरीर सुधारायचं नव्हतंच, पंधराव्या दिवशी बूट पायात हवे होते, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची, ३० पर्यंत. त्याच वेळी आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ नाही, ताकदीचं काम: खुर्चीवरच्या बैठका, भिंतीवरचे जोर, टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. बैठकीत बहुतेकांचं चुकतं ते खाली येताना. शेवटच्या वीतभर अंतरात माणूस अंग सोडून देतो आणि खुर्चीवर आदळतो. तिथेच स्नायूला खरं काम असतं; तीन आकडे मोजत खाली यायचं. गुडघे आत वळले तर पायांची बोटं किंचित बाहेर करायची आणि गुडघा त्याच दिशेने ठेवायचा. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब एकदम चढतो. जोर काढताना कंबर मागे लोंबते. पोट आवळून टाचेपासून डोक्यापर्यंत एक रेघ ठेवायची. दहावी बैठक पहिलीइतकीच सोपी वाटू लागली की खुर्चीवर टेकण्याआधी क्षणभर थांबायचं, जास्त वेळा करत सुटायचं नाही.

थांबण्याच्या खुणा पत्नींनाही सांगितल्या: छातीत दाब किंवा दुखणं, ते हात-जबड्याकडे जाणं, चक्कर, श्रमाच्या मानाने फार धाप, छातीत अनियमित धडधड. यातलं काही झालं तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यायची, 'जरा बसून बघू' नाही.

कंटाळ्याच्या दिवसाचाही नियम लिहून दिला. बूट घालायचे, पाच मिनिटं चालायचं, वाटलं तर परत यायचं. वहीत तो दिवस पुरा धरायचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

चार आठवडे छान गेले. पाचव्यात ताप आला, मग कामाचा ढीग; अकरा दिवस खाडा. भेटीला आले तेव्हा वही आणली नव्हती. "पुन्हा तेच झालं," म्हणाले. समुपदेशनात हीच भेट सगळ्यात महत्त्वाची असते, पहिली नव्हे. तेच झालं नव्हतं. आधी ते दुखण्याने आणि निराशेने थांबले होते, आता आजाराने. एक-दोन आठवड्यांच्या विश्रांतीने दम किंचित घटतो, ताकद जवळपास जशीच्या तशी राहते. त्यांना शंका होती, म्हणून खुर्ची पुन्हा मांडली, ताप जाऊन आठवडा झाला होता. १५ झाले. अकरा दिवस काही न करता, सुरुवातीपेक्षा तीन जास्त.

परत सुरू करायची मात्राही ठरलेली हवी. आठवडाभरापर्यंत खाडा पडला तर आधीच्या आठवड्याची मिनिटं. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर निम्मी, आणि आठवड्याभराने पूर्ववत. ताप असताना व्यायाम नाहीच. ताप गेल्यावर रोजची कामं न थकता जमू लागली की सुरू. भरपाई कुठेच नाही.

बारा आठवड्यांनी वहीत असं होतं. नाडी ७४. दोन मजल्यांनंतरचा दम पाऊण मिनिटात सारखा. खुर्ची १८. वजन ८०.९, म्हणजे दीडच किलो कमी. एचबीए१सी ५.९. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे ही तपासणी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून फारसं कळत नाही. अमेरिकेतल्या, २००२ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल आणि सुमारे सात टक्के वजन घटवण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. त्यामुळे खाण्याचा विषय पुढच्या भेटींसाठी ठेवला. एका वेळी एकच.

वहीत न मोजलेली गोष्ट पत्नींनी सांगितली. झोप लवकर लागते, आणि संध्याकाळी घरी आल्यावरची पहिली अर्धा तासाची चिडचिड गेली.

निघताना त्यांनी विचारलं, "आता पळू का?"

३० मिनिटं झपझप चालणं सलग तीन आठवडे न दुखता जमलं असेल, तर हो. एक मिनिट संथ पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. आठवड्यात दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. नडगी कुरकुरली तर परत चालण्यावर.

त्यांनी तिथेच वही उघडून लिहिलं, 'पळणं १ मि.', आणि पुढे कंसात, 'एकच'.